पाचातले तीन

३ ऑगस्ट, मोरबी
केळझरहून मावसभाऊ नीलेशचा फोन. त्याचं नाण्याचं खातं बंद केलं. "तू त त्या पाचातला, अन् तुलेच माहीत नाई?" खरंच माहीत नाई. फॅक्टरीत टाइल्सचे बॉक्स बांधून राह्यलो होतो मी. गावातल्याच गजेंद्रनं काढलेल्या या मोबाईलवरच्या नाण्यात साठ-सत्तर घरायनं पैसे टाकले. काऊन? त तो म्हणे, "याले मालक नाई. ना बँक, ना साहेब. पाच जणायजवळ चाव्या. तिघं हो म्हणतील तवाच काई होईन." त्या पाचातला एक मी. मले कोणी विचारलं नाई.
नीलेशची बहीण अंजू, तिची नर्सिंगची फी त्यातूनच भरायची हाये. शेवटची तारीख १२.

४ ऑगस्ट
गजेंद्रले फोन लावला. "नीलेश सगळं काढून राह्यला होता ना भाऊ, भाव पडला असता. तिघायनं थांबवलं."
कोण तिघं?
"मी, तुही वहिनी, तानबाकाका."
वहिनी म्हणजे याचीच बायको, दीपमाला — ते समजलं. पण तानबाकाका? त्यायले फोन उचलता येते, ठेवता येत नाई.

६ ऑगस्ट
अंजू काकाकडे जाऊन आली. चावी म्हणजे कागदावर लिहिलेले बारा शब्द. कोणाले दाखवायचे नाई, असं गजेंद्रनंच बजावलं होतं. काकानं कागद देव्हाऱ्यात ठेवला. हळदकुंकू लावलं, रोज फूल वाहते. मागच्या सोमवारी गजेंद्र प्रसादाले गेलता. काका म्हणते, "पाया पडला बिचारा. फोटोबी काढला देवाचा."
देवाचा म्हणे.

७ ऑगस्ट
उरलेली चावी हिरालालशेठजवळ. तोबी त्यायचाच माणूस असन काय?

८ ऑगस्ट
नाई. शेठ उलट गजेंद्रवरच भडकलेला. "तू पाहून घे बाप्पा, मले किराणा पाहू दे." अन् फोनवर बारा शब्द धडाधड वाचूनच दाखवले. मी नको नको म्हणत होतो. लिहून घेतले.
अंजूनं काकाच्या फोनवर, काकाच्या अंगठ्यानं नवे शब्द बनवले. जुने बाद. कागद कुठं ठेवायचा? अंजूनं शब्द मले धाडले अन् काका फोनवर मले म्हणे, "तुह्याजवळच राहू दे. देवाजवळ काई राह्यत नाई आजकाल."

१० ऑगस्ट
माही, शेठची, काकाची — तिन्ही चाव्या लावून नीलेशचं खातं उघडलं. अंजूनं फीची पावती पाठवली. नीलेशनं ग्रुपवर लिहिलं, "आता खरं बिनमालकाचं झालं." लोकायनं अंगठे टाकले.

११ ऑगस्ट
गजेंद्र ग्रुपवर विचारून राह्यला — "हे तिघं कोण? काकाले विचारलं, त्यायले काईच माहीत नाई." मी वाचलं अन् फोन खिशात टाकला. याले एवढी पंचाईत काऊन? आपलं नाणं काढून पळायच्या तयारीत दिसते.

१२ ऑगस्ट
चहाच्या सुट्टीत गजेंद्रचं खातं थांबवलं. कोणालेच विचारा लागलं नाई.