पाचव्या कमानीतली सावड

८ मे १९८७, धुळे

नव्या रोजनिशीच्या पहिल्याच पानावर एक गंभीर तक्रार नोंदवणं मी माझं नागरी कर्तव्य समजतो. विश्रामगृहातल्या माझ्या खोलीत पंखा आहे, पंख्याला रेग्युलेटर आहे, पण दोघांची एकमेकांशी ओळख नाही. काटा एकवर ठेवा नाहीतर पाचवर, पंखा उतरणीला लागलेल्या बैलगाडीसारखा सुटलेला. उशीचा अभ्रा उडतो. वर्तमानपत्र वाचायचं तर आधी त्याच्यावर बसावं लागतं. खानसामा म्हणाला की आधीच्या साहेबांचीही हीच तक्रार होती, तिच्यावर रीतसर चौकशी झाली आणि रेग्युलेटर बदलला. म्हणजे हा सुधारलेला आहे.

बाकी मी खुशीत आहे. धुळ्याला बदली झाली म्हणून नाशिकला लोक सुतकाला आल्यासारखे भेटून गेले. मी मात्र गटारांवर टिपणं लिहिण्यातून सुटलो. इथे माझ्याकडे पूल आहेत. पूल हा सभ्य प्राणी आहे, एका जागी उभा राहतो आणि बोलत नाही. रात्री शेवभाजी खाल्ली. तिखटाने कान वाजले आणि मन प्रसन्न झालं.

१० मे

आज पांझरेवरचे पूल पाहिले. सर्वांत नवा पूल सर्वांत जास्त दुरुस्तीला असतो. मधला दर निवडणुकीला रंगतो. जुन्या सातकमानीकडे कोणी ढुंकून बघत नाही, म्हणून तो ठणठणीत आहे.

काळा दगड, चुन्याचं बांधकाम, वय शंभराच्या पुढे. अशा पुलाची नाडी हातोडीने बघतात. दगडावर ठोका मारायचा आणि ऐकायचं. भरीव दगड टण्‌ म्हणतो, मागे पोकळ असेल तर ढप्प. मग पिंपळाची रोपं मुळासकट उपटायची, पाणी झिरपायची भोकं मोकळी करायची, दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, खरवडून नव्या चुन्याने भरायच्या. हे सगळं पाऊस यायच्या आत. सध्या नदीत वाळू, शेळ्या आणि वाळत घातलेली लुगडी एवढंच आहे.

मुकादम चिंधा आबा अंगाने मूठभर आणि आवाजाने कोसभर. गवंडी वना कामापेक्षा हसतो जास्त, पण काम चोख. त्याची बायको शेवंताबाई चुना कालवते. तिची जीभ माझ्याहून धारदार आहे हे व्यावसायिक असूयेने नमूद करतो. मी टोपी घालून कमानीखाली उभा होतो, तर म्हणाली, ‘सायेब असा उभा शे, जशी काय वरात येवानी शे.’ सगळी टोळी हसली. सगळ्यांच्या नंतर मीही हसलो.

१३ मे

लगीनसराई. अर्धी टोळी वऱ्हाडात गेली. पाचव्या कमानीच्या दर्जा तशाच उघड्या, आणि धुळ्याचं ऊन असं की कालवलेला चुना घमेल्यातच वाळतो.

माणसं आणायची कुठून, या चर्चेत आबांनी सावड समजावून सांगितली. आज तू माझ्या कामावर उभा राहा, उद्या मी तुझ्या. पैसे द्यायचे नाहीत, हाताला हातच द्यायचा. ज्याचं काम असेल त्याचं नाव घेऊन बांधावरून हाक मारतात. ऐकून जो येईल त्याची सावड त्या नाववाल्यावर बसते, आणि ती फेडावीच लागते. वनाने मागच्या साली घराची भिंत अशीच उभी केली. अजून फेडतोय बिचारा, आणि हसतोय.

मला ही व्यवस्था फारच आवडली. आणि मला एखादी गोष्ट आवडली की मी तिची टिंगल करतो, त्याला माझा इलाज नाही. पाचव्या कमानीखाली गेलो, तिथे आवाज छान घुमतो. दोन्ही हात तोंडापाशी धरून पुढाऱ्याच्या थाटात ओरडलो, ‘वनाचं काम शे, हात लावा हो!’

पहिला वनाच हसला. मग प्रतिध्वनी आला. जरा उशिरा आला, हातातलं काम ठेवून कोणी ओ द्यावी तसा. वनाचं हसू अर्ध्यातच थांबलं. शेवंताबाईने घमेलं खाली आपटलं. आबा संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. निघताना एवढंच म्हणाले की त्या कमानीखाली आम्ही मोठ्याने खोकतसुद्धा नाही.

मी म्हणालो, तब्येतीला ते बरंच. कोणी हसलं नाही.

१५ मे

पाचव्या कमानीच्या दर्जा भरलेल्या सापडल्या. सगळ्या. आणि भर दुपारी चुना ओला.

आबांचं रुसणं कामातून व्यक्त होतं असं समजून मी त्यांची पाठ थोपटायला गेलो. ते दोन पावलं मागे सरले. टोळी काल दिवसभर शिंदखेड्याला लग्नात होती. वरातीतले साक्षीदार हजर करायचीही त्यांची तयारी होती. मग भरल्या कोणी? शेवंताबाई पदर खोचत, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘सायेबनी हाक मारी. आते काम बठ्ठं व्हई गयं. फेडी कोन?’ बठ्ठं म्हणजे सगळं.

एखादा ठेकेदार माझ्यावर छाप पाडू बघतोय, असं मी ठरवलं. ठरवल्यावर बरं वाटतं.

१९ मे

सहावी झाली. चौथीही.

काम अप्रतिम आहे, आणि खटकतं ते हेच. शिडी लावून जवळून पाहिलं. चुन्यावर थापीची खूण नाही. बाहेरून दाबलेला चुना कडेला पसरतो. हा आतून ढकलल्यासारखा बाहेर फुगलाय. आणि फुगवट्यावर बोटांची टोकं उमटली आहेत, माझ्या दिशेने.

हातोडीने ठोका मारला. टण्‌. भरीव. समाधानाने हातोडी खाली घेतली.

आतून एक ठोका आला.

२२ मे

वरिष्ठ येऊन गेले. सातही कमानी पाहून खूश झाले. इतक्या कमी माणसांत इतकं काम या जिल्ह्यात कोणी केलेलं नाही, म्हणाले. माझी शिफारस करणार आहेत. आयुष्यात पहिल्यांदा सरकार माझ्यावर खूश झालं, तेही अशा कामासाठी.

वना आला नाही. उजवा खांदा दुखतो म्हणे.

संध्याकाळी आबांना वाळूत बसवून खोदून खोदून विचारलं. त्यांच्या आजाने सांगितलेली गोष्ट अशी. पूल बांधताना पाचवी कमान नुकतीच वळवली होती. चुना ओला, सगळा भार खालच्या लाकडी साच्यावर. अवेळी पूर आला आणि साचा हलायला लागला. बांधावरून सावडीची हाक गेली. दोन्ही काठांवरच्या गावांतून माणसं आली आणि साच्याला खांदे लावून उभी राहिली. पाणी चढत गेलं. कमान टिकली. माणसं बाहेर आलेली कोणी पाहिली नाहीत. सावडीची माणसं, त्यामुळे हजेरीपटावर त्यांची नावंही नव्हती. ‘त्यासनी सावड कोनी फेडीच नही, सायेब,’ आबा म्हणाले. ‘त्या अजून उभा शेत.’

कठड्यात एक संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर एका गोऱ्या अभियंत्याचं नाव आहे. त्याने खांदा लावल्याची नोंद नाही.

मी विचारलं, त्यांना काय हवंय. आबा म्हणाले, हाताला हात. आता त्यांनी वनाच्या कामाला हात लावलाय. वनाने त्यांच्या कामाला लावायचा.

मी म्हणालो, पण हाक मी मारली. आबा म्हणाले, नाव वनाचं घेतलं.

२६ मे

वनाच्या घरी गेलो. उजव्या खांद्यावर पांढरा पट्टा. धुऊन जात नाही, चुन्यासारखा खरबरीत लागतो. तो वाकून चालतो. घर ठेंगणं आहे म्हणून वाकतो असं आधी वाटलं. मग तो अंगणात आला. अंगणातही तसाच वाकलेला.

डॉक्टरांनी मणक्याचं निदान केलं आणि गोळ्या दिल्या. वनाने मला सांगितलं की पुलावरून भरलेली गाडी गेली की त्याला इथे घरी कळतं. रिकामी गेली तरी कळतं. हे सांगताना तो हसला. का हसला.

शेवंताबाईने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला नाही, आपटला.

३० मे

वना घरात सापडेना. भर दुपारी पाचव्या कमानीखाली उभा होता. पाठ दगडाला टेकलेली, खांदा वर लावलेला, डोळे मिटलेले. चौघांनी ओढला. हलला नाही. दगड ओढत असल्यासारखं.

शेवंताबाई त्याच्या तोंडात भाकरीचे तुकडे भरवते. तो चावतो. मध्येच थांबतो, वरून एस.टी. जाते, मग पुन्हा चावतो.

मी वाहतूक बंद करावी असं वर कळवलं. उत्तर आलं की पूल उत्तम स्थितीत असल्याचा अहवाल माझ्याच सहीचा आहे.

१ जून

पळालो.

लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. रजा टाकली आणि जळगावची गाडी पकडली. खिडकीपाशी बसून मनाला समजावत होतो की मी अभियंता आहे, की मणक्याचे विकार असतात, की —

गिरणेचा पूल आला. चाकं सांध्यांवरून खडखडली. खाली कोणीतरी श्वास रोखला. मी ऐकलं. पुढच्या खांबाशी दुसऱ्याने. शेजारचा माणूस भुईमुगाच्या शेंगा सोलत होता, त्याला काही नाही. पुढे एक साधा नाला, त्याच्यावर एवढीशी मोरी. तिथेही.

जळगावला उतरलो. घरी ट्रंक कॉल लावला. बायकोने, प्रमिलाने, विचारलं कधी येतोस. म्हणालो, पाऊस झाल्यावर. नाशिकला यायचं तर वाटेत किती —

मोजायचं नाही.

४ जून

धुळ्यात परत. येताना सगळ्या पुलांवर पाय वर उचलून बसलो. हास्यास्पद आहे, ठाऊक आहे. वजन गाडीचं असतं.

वळवाचा पाऊस. नदीत गढूळ पाणी, घोट्याएवढं. वना तसाच उभा. त्याचे पाय वाळूत नाहीत. खालच्या दगडी फरसात आहेत, घोट्यापर्यंत, आणि दगडाला कुठे भेग नाही.

त्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर ओले उंचवटे. मी पळालो तेव्हा नव्हते. खांद्यांच्या उंचीवर.

शेवंताबाई पाण्यात बसली होती. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. तिने माझा हात धरला, उलटा करून पाहिला आणि सोडून दिला. ‘मऊ शे,’ म्हणाली. ‘तुम्हना हातले काय म्हनू.’

आबांना विचारलं. दुसऱ्याची सावड आपल्यावर घेता येते का. त्यांनी तंबाखू मळायला घेतली. येते म्हणाले. तसं तोंडाने म्हणावं लागतं, आणि उभं राहावं लागतं. एका दिवसाची असते. मी विचारलं, दिवस केव्हा संपतो. त्यांनी तंबाखू झटकली आणि पाचव्या कमानीकडे बोट केलं.

५ जून

पाणी गुडघ्याला. वरच्या अंगाला जोरात पडतोय. वना आता चावत नाही.

माझा खांदा आरशात पाहिला. दोन्ही. काही नाही. स्वच्छ. हेच सहन होत नाही —

६ जून

दुपार. ऊन-पाऊस दोन्ही. रोजनिशी हातात आहे, दुसरं काही आणलं नाही.

हळूच म्हणालो. या वेळी ओरडलो नाही. वनाची सावड माझ्यावर.

वनाचे पाय सुटले. चिखलातून निघाल्यासारखा आवाज झाला. तो सरळ उभा राहिला, पूर्ण उंचीचा. तो एवढा उंच आहे हे माहीत नव्हतं. शेवंताबाई त्याला काखेत धरून काठाला घेऊन गेली. मग एकटी परत आली. डोक्यावरचं फडकं काढलं, घडी केली, माझ्या खांद्यावर ठेवलं. टोचू नये म्हणून. बोलली नाही. तिच्यासारखी बाई आणि बोलली नाही.

मी खांदा लावला.

भार एकदम येत नाही. ओळखीच्या माणसाने हात ठेवावा तसा येतो. वरून ट्रक गेला. रिकामा. खरंच कळतं. आता एस.टी., भरलेली, उभ्याने माणसं —

पाणी मांडीला. लिहायचा हात अजून मोकळा आहे.

डावीकडे कोणीतरी जरा सरकलं. मला जागा करून दिली. त्याच्या अंगाला ओल्या चुन्याचा वास आहे. तो काहीतरी विचारतोय, हळू, लाजत, खूप दिवसांनी बोलल्यासारखा. विचारतोय की माझ्यानंतर कोणाचं नाव —