बूट फाटला म्हणून गाडी थांबत नाही

मंगळवार पेठ, कोल्हापूर
गुरुवार

प्रिय संयू,

पाकिटावरचं अक्षर बघून तू मला ओळखलं असशील आणि पाकीट न उघडता फ्रिजवर ठेवून दिलं असशील. असू दे. जेवण झाल्यावर उघड. उपाशीपोटी तुझा राग कसा असतो ते मी एका स्टाफरूममध्ये बावीस वर्षं बघितलंय. तू शिट्टी न वाजवतासुद्धा अख्खं मैदान गप्प व्हायचं. तीन वर्षांत मी एक फोन केला नाही आणि आता एकदम कागद भरायला बसलेय, ह्याचं तुला नवल वाटेल. फोन मुद्दामच केला नाही. शेवटचा जो फोन मी तुला केला त्यात मी खोटं बोलले, आणि ते तुला तिथल्या तिथं कळलं. पुन्हा फोन कानाला लावला तर जीभ तीच वाट धरेल अशी धास्ती वाटते. कागदावर मला खोटं लिहिता येत नाही. गणिताच्या बाईची खोड म्हण.

आधी बातमी सांगते. काल गाडीचा बूट बदलून घेतला. आपल्याच पांढऱ्या गाडीचा, जिच्यावर तू मला त्रेचाळिसाव्या वर्षी शाळेच्या मैदानात गाडी शिकवलीस आणि पहिल्याच दिवशी मी लांब उडीच्या वाळूत नेऊन घातली. जिनेशचं मत होतं की आईनं आता त्या डबड्यात जीव अडकवू नये, भंगारात द्यावी आणि दुकानाच्या गाडीतून हिंडावं. पोरगा वाईट नाही, पण सगळ्या गोष्टींचा निकाल लावायची घाई आहे त्याला. मी म्हटलं, उठता-बसता गुडघे तुझ्या बाबांचेही वाजतात, त्यांना कुठं दिलं मी भंगारात? हे तिथंच पेपर वाचत बसले होते. पेपर जरा वर झाला, बाकी काही नाही.

उद्यमनगरात ज्ञानू मिस्त्रींकडं गेले होते. तीन वर्षांनी. मधल्या काळात मी त्यांच्या गॅरेजवरून जायचंसुद्धा टाळलं, कारण मला बघितलं की ते पहिलं तुझंच विचारणार हे ठाऊक होतं. तसंच झालं. गाडी आत घेताना मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, पुढच्या चाकातून कट कट कट आवाज आला, तो त्यांनी ऐकला, आणि तरीही आधी विचारलं काय, तर पीटीच्या बाई कुठं असत्यात. धारवाडला असतात, मुलाकडं, ऋतुराजकडं, असं सांगितलं. बऱ्या हायत न्हवं, म्हणाले. मी हो म्हटलं. आता तू बरी आहेस का नाहीस हे मला कुठं माहीत आहे? तुझ्या रक्तदाबाचं काय, तिथलं पाणी मानवलं का, कानडी शेजारणींवर ओरडायला लागलीस का अजून लाजतेस, मला काही माहीत नाही. पंचवीस वर्षं तुझ्या घरात आज भाजी कुठली हेही मला न विचारता कळायचं.

मिस्त्रींनी जॅक लावला, चाक काढलं आणि मला खुर्चीवरून उठवून वाकून बघायला लावलं. चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या टोकाला जो सांधा असतो, त्याच्यावरचं ते घड्याघड्यांचं रबरी टोपरं, ज्याला हे लोक बूट म्हणतात, आडवं फाटून लोंबत होतं. आतलं ग्रीस उडून चाकाच्या आतल्या अंगाला वाळलं होतं आणि त्यावर धूळ बसून काळी पेंड झाली होती. अलीकडं चिरलेला बूट मिळतो म्हणे, दांडा न काढता वरून गुंडाळायचा आणि चिकटवायचा, तासाभरात मोकळं. मी तसं सुचवलं तर मिस्त्रींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी कॉपी करणाऱ्या पोरीकडं बघायची. त्यांनी दांडा बाहेर काढला, फाटका बूट कापून टाकला, सांधा डिझेलमध्ये धुतला आणि आतले छर्रे एकेक पुसून उजेडात धरून बघितले. मला अकरा वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. त्याच जागी, तसाच बूट, आणि मिस्त्रींच्या शेजारी उकिडवी बसून तू त्यांनाच शिकवत होतीस की क्लिप अजून आवळा.

त्या वेळी बूट फाटलाय हे कळून पंधरा दिवस झाले होते. मी घाबरून गाडी दारात लावून ठेवली होती. तू म्हणालीस, अगं, काही होत नाही, बूट फाटला म्हणून गाडी थांबत नाही, पौर्णिमा बुडवायची नाही. आणि आपण त्या तसल्या गाडीनं वाडीला जाऊन आलो. तुझा देव दत्त, माझे भगवान वेगळे. तू दर्शनाच्या रांगेत, मी घाटावर पाण्यात पाय सोडून. शाळा असायची म्हणून पौर्णिमेच्या जवळचा रविवार तू देवाच्या गळी उतरवला होतास. जाताना गाडी मी चालवायची, येताना दिवस मावळला की तू, कारण अंधारात समोरचे दिवे डोळ्यांवर आले की मला रस्ता दिसत नाही. आणि परतीला शिरोळ सोडलं की त्या चिंचेखाली तू गाडी थांबवायला लावायचीस. दिवस बुडाल्यावर मला जेवण चालत नाही, तरी त्यासाठी कधी घड्याळ बघावं लागलं नाही. गप्पांच्या नादात मीच विसरायची, पण तू मान बाहेर काढून आभाळ बघायचीस आणि म्हणायचीस, त्रिशला, दिवस मावळतोय, डबा उघड. माझं जेवण होईपर्यंत तू स्वतः घास खायची नाहीस. नंतर किल्ली घ्यायचीस, आणि घर येईपर्यंत मी डोळे मिटून बसायची. तसं निर्धास्त मी आयुष्यात दुसऱ्या कुणाशेजारी बसलेली नाही, अगदी ह्यांच्याशेजारीसुद्धा. आता संध्याकाळी घरात सगळे असतात. दिवस मावळतोय हे मला कुणी सांगत नाही. दोनदा माझं जेवण राहून गेलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. भाऊजी गेल्यावर तू धारवाडला जायचं ठरवलंस, आणि ते मला शालूबाईनं सांगितलं. दोन्ही घरची भांडी घासणाऱ्या बाईनं, माझ्या ओट्याशी उभं राहून, तुमाला ठावं आसंलच की म्हणून. मला ठाऊक नव्हतं. म्हातारपणी दोघींनी एका गल्लीत राहायचं हे आपलं ठरलेलं होतं, आणि ते तू मोडलंस ते मला न सांगता. दोन दिवसांनी तू आलीस, सांगितलंस, मी चहा दिला आणि बरं म्हटलं. तुझं एकच मागणं होतं. सामान टेम्पोनं जाईल, पण मला तू सोडायला चल, आपल्या गाडीनं जाऊ. मी येते म्हटलं. त्या सकाळी मी साडी नेसून, किल्ली हातात घेऊन खाली उतरले होते. गाडीजवळ उभी राहिले आणि मनात आलं, हिला पोचवायचं, आणि परतताना शेजारची सीट रिकामी घेऊन एकटीनं यायचं. मला ते झेपेना. आणि खरं सांगते, राग पण होता. तिनं मला विचारलं नाही, आता मीही जात नाही, असा चौथीतल्या पोरीचा राग. आठच दिवस आधी मिस्त्रींनी बूट तडकलाय असं सांगितलं होतं. तेच हाताला लागलं. तुला फोन केला आणि म्हटलं, बूट फाटलाय, गाडी हलत नाही.

दुसऱ्या कुठल्याही बाईनं ह्यावर विश्वास ठेवला असता. जगात एकटी तूच होतीस जिला हे सांगून उपयोग नव्हता, आणि नेमकं तुलाच सांगितलं. तू म्हणालीस, बरं, जप. एवढंच. ओरडली असतीस तर मी धावत आले असते. तू टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून गेलीस, मांडीवर पाण्याची कळशी घेऊन, हे शालूबाईनं सांगितलं. तिनं सांगितलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते आणि तिच्या हातात तुझा डबा होता. वाटेत माझ्यासाठी म्हणून तू पहाटे उठून केलेला, कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. जाताना तिच्याकडं देऊन गेलीस आणि उन्हं असताना पोचव म्हणालीस, पण तिला दुसऱ्या घरी उशीर झाला. दिवस मावळला होता, संयू. तो डबा उघडून मी समोर ठेवला आणि नुसती बघत बसले. दोडक्याची भाजी होती. सकाळी शिळं चालत नाही, म्हणून गाईला घातलं. डबा घासून फळीवर ठेवलाय, तो अजून तिथंच आहे.

त्यानंतर मी बूट बदलला नाही. जिनेश दहादा म्हणाला. कारण त्याला काय सांगणार? बूट बदलला असता तर गाडीत काही बिघाड उरला नसता, आणि मग माझ्याकडं कुठलंच कारण उरलं नसतं. तडक होती ती फाटली, ग्रीस गेलं, धूळ आत शिरली, आवाज सुरू झाला. गल्लीत वळताना रोज कट कट. शेजारच्या आक्का म्हणायच्या, त्रिशलाबाई आल्या, आवाज आला. पहिल्यांदा लाज वाटायची. नंतर मी त्या वळणावर रोज थोडी जास्तच हळू व्हायला लागले.

मिस्त्रींना हे सगळं सांगितलं नाही, नुसतं विचारलं की सांधाच नवा घालावा लागेल का. त्यांनी एक छर्रा माझ्या तळहातावर ठेवला. बारीक ओरखडे होते, पण गोल होता. म्हणाले, "बाई, बूट फाटला म्हणून गाडी थांबत न्हाय, ही खरी गोष्ट. पर फाटका तसाच ठिवला की एक दिवस थांबतीच. तुमी येळंत आलासा. आजून चालंल ह्यो." मग त्यांनी नवं ग्रीस भरलं, नवा बूट चढवला आणि दोन्ही क्लिपा आवळल्या. पीटीच्या बाई असत्या तर आनि आवळा म्हणाल्या असत्या, असं म्हणत पुन्हा एकदा आवळल्या. मी तोंड फिरवून रस्त्याकडं बघत राहिले. संध्याकाळी गल्लीत वळले तर काहीच आवाज नाही. आक्का दारात असून त्यांना मी आल्याचं कळलं नाही, आणि घरात शिरल्यावर मला पोटभर रडू आलं.

तर हे पत्र ह्यासाठी. पुढच्या शनिवारी सकाळी सहाला मी इथून निघतेय, एकटी. निपाणीच्या पुढं मी कधी गाडी नेलेली नाही. जिनेशला सांगितलं नाही, ह्यांना सांगितलंय. ते म्हणाले, हवा बघून घे. पत्ता शालूबाईकडून घेतला. दुपारपर्यंत पोचेन. तुझा डबा आणतेय, आणि तो रिकामा आणणार नाही, एवढी रीत मला आहे. दारात उभी राहून जे म्हणायचं ते इथंच लिहून ठेवते, तिथं जमेल न जमेल. त्या दिवशी गाडी चांगली होती. मीच आले नाही. चुकले. तुला दार उघडायचं नसेल तर उघडू नको, डबा पायरीवर ठेवून मी उजेडात परत फिरेन. उघडलंस तर मात्र एक मागणं आहे. रविवारी पौर्णिमा आहे, ह्या खेपेला खरीखुरी. चार दिवसांचे कपडे पिशवीत भर आणि त्या सकाळी माझ्याबरोबर कोल्हापूरला चल. निपाणीपासून वाकडी वाट करून वाडीला जाऊ, निघताना चिंचेखाली दिवस मावळेल. तिथून पुढं अंधार आणि समोरचे दिवे, ते मला एकटीला जमत नाही, तुला माहीतच आहे. जाताना मी चालवीन. येताना तू.

तुझीच,
त्रिशला