न चाखता

१९ डिसेंबर. येळवस, वेळ अमावास्या.
चाकूरला, मीनाच्या शेतात. कडब्याची खोप, आत पाच दगडांचे पांडव मांडलेले, आंबील, बाजरीचे उंडे आणि सगळ्या भाज्या-शेंगांची ती भज्जी. लातूरहून उज्जूही आली होती. हॉस्टेलच्या एका खोलीतल्या आम्ही तिघी. वर्षातून एकदा तरी असं एकत्र बसतो.
दरवर्षी बांधावरून उतरतानाच भज्जीचा वास यायचा. यंदा नाही. दिवाळीतल्या तापापासून नाक बंद आहे. उघड्या रानात तरी सुटेल असं वाटलं होतं.
मीनानं झाकण काढलं. "हुंग आन सांग, मीठ बरं हाय का?" दरवर्षी मलाच विचारते. वाकले, डोळे मिटले, म्हणाले, "चिमूटभर कमी." तिनं टाकलं.
खारट झाली म्हणे. सगळ्यांनी आंबील जास्त पिऊन साजरी केली.

२२ डिसें.
नाकाच्या डॉक्टरांकडे गेले. नाक बंद नाहीच म्हणे, वासाची नस दुखावली आहे. "येईल का परत?" "येईलही." लग्नाच्या घरी मी असं सांगितलं असतं, ‘जेवण होईलही’, तर?
आईनं शिकवलं तसं करते मी. नैवेद्य दाखवायच्या आधी तोंडात काही घालायचं नाही. मीठ वासावरून, रंगावरून, उकळीच्या आवाजावरून. नांदेडात केटरर गल्लोगल्ली झाले, पण जुन्या घरांची लग्नं माझ्याकडे का येतात? शैलाताईंच्या कढईतलं उष्टं होत नाही म्हणून. पाच हजार पानांची पंगत असो की बारशाचं जेवण, आजवर चाखलं नाही.
कुणाला सांगितलेलं नाही. गंगाधर आचाऱ्याला तर नाहीच. कापणं-ढवळणं त्याचं, शेवटचा शब्द माझा. त्याचं स्वतःचं नाक तंबाखूत कधीच गेलं.
उद्यापासून सगळं काट्यावर तोलून घालायचं. त्यात काय एवढं.

४ जाने.
काटा मीठ सांगतो. पण चिंच दर पोत्याला वेगळी, तिला काटा काय करणार? परवाचं बारसं निभावलं, एवढंच.
संध्याकाळी मीनाचा फोन. तिच्या मुदखेडच्या मावशीच्या नातीचं लग्न, फेब्रुवारीत. मावशींची एकच अट, चाखणारी माणसं नकोत. मीनानं परस्पर सांगून टाकलं, "आमची शैला नुसती हुंगून करती, मावशी. तुमी बिनघोर ऱ्हावा."
मी म्हणाले, घेतलं. विचार न करताच. नाही म्हणायची सवयच नाही मला.
फोन ठेवून हिंगाची डबी उघडली. नाकाला लावली. काही नाही. पिवळी पूड नुसती.

१४ जाने. संक्रांत.
तीळ करपले. मी शेजारीच उभी, फोनवर भाजीवाल्याशी भांडत. समोरच्या वहिनी पळत आल्या, "अहो ताई, जळून राहिलंय काहीतरी!" मी म्हणाले, "मुद्दाम खमंग भाजतेय." तोंड वर करून. त्या गेल्यावर सगळी परात टाकून दिली.
आज पहिल्यांदा भीती वाटली. लिहून ठेवते, म्हणजे उद्या वाटणार नाही.

१८ जाने.
उज्जू पन्नाशीची होतेय. भूगोलाच्या बाईंना वाढदिवसाला फ्रान्स हवंय. लातुरात एक फ्रेंच बिस्ट्रो निघालंय, म्हणजे छोटंसं हॉटेल. तिची जुनी विद्यार्थिनी रेवती, पाँडिचेरीला शिकून आली आणि स्वतःच चालवते. ठरलेला मेन्यू, निवड नाही, शनिवारी दुपारी.
आता मीनाचे वार. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उज्जू म्हणाली, "माझा एकपण वार नाही बाई, मी सगळ्या दिवशी सगळं खाते. तुमच्या देवांनी आपसात मिटवून घ्यावं." शेवटी रेवतीनं मीनाच्या ताटापुरती भाज्यांची सोय मान्य केली. मीनाचा पुढचा प्रश्न, "दारू न्हाई ना घालत?" उज्जू म्हणाली, तुझ्यात नाही घालणार.
मला टाळता आलं असतं. पण जायचं. मला कोण परीक्षेला बसवणार आहे तिथं?

२४ जाने. शनिवार.
सविस्तर लिहायला हवं.
नांदेडहून गाडी काढली, चाकूरला मीनाला घेतलं. ती डोहाळजेवणाला निघाल्यासारखी नटलेली. औसा रोडला पहिल्या मजल्यावर छोटी जागा, सहा-सात टेबलं, स्वयंपाकघर उघडं, आपल्याला सगळं दिसतं. काळ्या पाटीवर खडूनं पदार्थ लिहिलेले. मीना वाचून म्हणाली, "म्हंजे पंगतच की माय! जे वाढतील ते." मी म्हणाले, हो, फक्त आग्रह करणारं कुणी नाही.
पहिलं आलं कांद्याचं सूप, वर चीज लावलेला पाव तरंगणारा. आम्ही तिघी हात मांडीवर ठेवून बसलो. गप्पा चालू. वाफ गेली, चीज आवळून आलं. रेवती हात पुसत बाहेर आली, चेहरा उतरलेला. "मॅडम, काही चुकलं का?"
"न्हाई गं," मीना म्हणाली, "बाकीचं येऊ दे की. सगळं वाढल्याबिगर कसं सुरू करावं?"
उज्जूला हसू आवरेना. सूप परत गेलं, गरम होऊन आलं. एकेक येतं, एकेक संपवायचं, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि मी म्हणे केटरर!
कांद्याचा रंग बघूनच सांगितलं, "घाई न करता परतलाय." ते खरंच होतं, डोळ्यांनी कळतं. दुसरं आलं बीट आणि शेळीच्या दुधाचं चीज. मी काही बोलायच्या आत उज्जू म्हणाली, "ह्याला आमच्या दारातल्या शेळीचा वास येतोय." मी मान डोलावली.
मग चिकन. मीनापुढे वांगी-टोमॅटो शिजवलेले. मीनानं रेवतीला हाक मारली. "हिला वळखायला लाव काय काय घातलंस ते. नांदेडात हिच्या नाकासारखं नाक न्हाई." रेवतीनं हौसेनं रस्स्याची वाटी माझ्यापुढे ठेवली. मी वाकले. वाफ गालाला लागली. बाकी काही नाही. जायफळ म्हणून ठोकून द्यायचं ठरवलंच होतं, तेवढ्यात उज्जू पावाचा तुकडा मोडत म्हणाली, "मला तर संत्र्याची साल वाटतेय. आणि तमालपत्र."
मी म्हणाले, "संत्र्याची साल. तमालपत्र."
रेवतीनं टाळ्या वाजवल्या. मीना ‘बघा!’ म्हणून आजूबाजूच्या टेबलांकडे बघतेय.
आणि मला कळलं. ही उज्जू, हॉस्टेलात स्टोव्हवर दूध जळून खोली धुरानं भरली तरी नकाशे रंगवत बसायची. हिला कधीपासून वास कळायला लागले? ती मला उत्तरं पुरवत होती. बीट आलं तेव्हापासून.
आधी रागच आला. मग रडू. रेवती आत जाईपर्यंत कशीबशी थांबले आणि सांगून टाकलं, "मला वास येत नाही. दिवाळीपासून."
उज्जू म्हणाली, "येळवसलाच कळलं मला. तू सांगशील म्हणून थांबले."
मीना म्हणाली, "मंग माझ्या भज्जीत मीठ कशापायी टाकाया लावलीस?"
हसलो. पण मग तिचा घास हातातच राहिला. मावशी आठवल्या असणार. 
मी उठून स्वयंपाकघराच्या कठड्याशी गेले. तिथं मघापासून एक गोष्ट दिसत होती. रेवतीच्या हाताशी स्टीलच्या ग्लासात चमचे. काहीही ढवळलं की एक उचलायचा, चाखायचं, दुसऱ्या भांड्यात टाकायचा. पुन्हा नवा. उष्टा चमचा कढईत जातच नाही. मी विचारलं, इतकं चाखतेस? ती म्हणाली, "चाखल्याशिवाय बाहेर काही जाऊ द्यायचं नाही, पहिल्याच दिवशी शिकवलंय, काकू."
मला पहिल्याच दिवशी उलटं शिकवलंय.
तिनं चमचा पुढं केला. पुढच्या टेबलाचा रस्सा होता. लोकांना वाढायच्या आधी आपण तोंडात घालायचं.  आई दारात उभी आहे असं वाटलं.
चाखलं.
मीठ कळलं! लख्ख कळलं. आंबट कळलं, कमी आहे हेही कळलं. जीभ शाबूत आहे माझी. एवढ्या दिवसांत मला हे तपासावंसंसुद्धा वाटलं नाही, जेवण सपक लागायचं, म्हणून नाक गेलं म्हणजे सगळं गेलं असं धरून बसले होते. "आंबट कमी आहे," मी म्हणाले. रेवतीनं नवा चमचा घेतला, चाखलं, दोन थेंब व्हिनेगर टाकलं. "आता?" मी पण नवा चमचा घेतला. "आता बरोबर."
शेवटी गोड. दुधाचं, वर करपवलेल्या साखरेचा पाक. गोडाच्या मागून येणारा कडूपणा जिभेवर बसला. उज्जूच्या वाटणीतलंही अर्धं मीच खाल्लं. पन्नाशीच्या बाईनं इतकं गोड खाऊ नये.

२५ जाने.
काल परतीच्या वाटेवर मीना गप्प. एरवी कुणाच्या रानात हरभरा आहे, कुणाचा ऊस तुटला, सगळं सांगत येते. चाकूरला उतरताना दार धरून म्हणाली, "मावशीला मी खोटं न्हाई बोलायची, शैला. न चाखता करती म्हणूनशानी तुझं नाव हाय."
मी म्हणाले, "तू काहीच बोलू नको. मी जाते."
बोलले खरी तोऱ्यात.

२७ जाने.
बाजारातून डझनांनी चमचे आणले. आज घरीच छोटी चूल लावून वरण, आमटी, मठ्ठा. प्रत्येक वेळी नवा चमचा. गंगाधर डोळे फाडून बघतोय. "ताई, तुमी चाखून राहिल्या?" हो म्हटलं, आजपासून. आणि का तेही सांगितलं. तो म्हणाला, "तरीच बारशाची आमटी आंबट लागली." मेल्यानं तेव्हा सांगितलं नाही!
आजची आमटी, स्वतःच्या तोंडानं सांगते, गेल्या पाच वर्षांतली सगळ्यात चांगली झाली. आईला मान्य झालं नसतं. पण तिनं खाल्ली असती तर दुसऱ्यांदा वाढून घेतली असती.
उज्जूचा फोन. मुदखेडला सोबत येऊ का? नको म्हणाले. तिनं पुरेसं केलं.
मावशींनी नाही म्हटलं तर ऑर्डर जाईल, ते एक वेळ चालेल. पण मावशी बोलल्या की चार जुनी घरं ऐकतात. शैला चाखते, एवढं वाक्य पुरे आहे. तरी जायचं. खोटं नाक लावून लग्न करायचं नाही, हे पक्कं.

३० जाने. मुदखेड.
सकाळीच पोचले. मावशी स्वयंपाकघरात पाटावर, चुलीपुढे. सून बाहेर कपडे वाळत घालत होती. सत्तरी कधीच ओलांडली असेल, पण देवाचा स्वयंपाक अजून स्वतःच करतात, सुनेला हात लावू देत नाहीत.
बसले आणि सांगून टाकलं. नाक गेलं, ते परत येईलही. आता मी चाखून करते. नवा चमचा दर वेळी, कढईत उष्टं पडत नाही. देवाचं ताट आधी काढून ठेवीन, त्याला कुणी शिवणार नाही. चालत असेल तर सांगा, नसेल तर दुसरं चांगलं माणूस मीच शोधून देते. वाटलं होतं त्याहून सरळ बोलले.
मावशींनी पळी उचलली. आमटी ढवळत राहिल्या.  मग फळीवरून वाटी काढली, पळीभर आमटी ओतली, वर एक चमचा ठेवला आणि माझ्याकडे सरकवली.
"चाख."
मी विचारलं, "नैवेद्य झाला का, मावशी?"
"न्हाई अजून. चाख तू. मला आता काई कळंना, आन घरात कुनी नीट सांगत न्हाई. समदी म्हनत्यात, लई चांगली झाली, लई चांगली झाली. आन पानात तशीच ठिवून उठत्यात."
चाखली. अळणी. मीठ नावाला नाही. किती दिवस अशी होत असेल, आणि देवाला अशीच जात असेल. सून दारात येऊन उभी राहिली होती, माझ्याकडे बघत, हलकेच मान हलवत, नको म्हणून.
मी म्हणाले, "मावशी, मीठच नाही यात."
 त्यांनी मिठाची बरणी ओढली, मूठ भरली, माझ्यापुढे धरली. मी थोडं कमी करायला सांगितलं. त्यांनी टाकलं, ढवळलं. मी दुसरा चमचा मागून घेतला आणि चाखलं.
"आता?"
"आता बरोबर."
ताट वाढलं, वर तुळशीचं पान ठेवलं, भिंतीचा आधार घेत देवघरात गेल्या. लग्नाचं काही बोलल्या नाहीत. ना हो, ना नाही. सून पदरानं डोळे टिपतेय की घाम, कळलं नाही.
आतून घंटा वाजली. मी पाटावर बसून राहिले, जेवायला वाढतील म्हणून.