अक्काने गच्चीवर वाळत घातलेलं चीज

आबा, चीज म्हणजे काय हे तुम्हाला कुठून सांगायला सुरुवात करू, कळत नाही. आपल्या घरात दूध नासलं की काहीतरी वाईट घडणार, असंच धरलं जायचं. लहानपणी मी पातेल्यात लिंबू पिळून बघितलं, तेव्हा तुम्ही गोठ्यातून धावत आलात. "दूध कोन मुद्दाम नासाडस रे?" एवढंच बोललात. आता तुमचा हाच मुलगा मुद्दाम दूध नासवतो, फडक्यात बांधून दगडाखाली दाबतो, मिठाच्या पाण्यात बुडवतो आणि जुन्या फ्रिजमध्ये दोन-तीन महिने ठेवून देतो. फार मऊ नाही, फार कडकही नाही, सुरीने सरळ काप निघतो असं ते चीज. तिकडे परदेशात डोंगरातले गुराखी रोजच्या जेवणात पावाबरोबर खातात म्हणे. मी ते धुळ्यातल्या एका प्रशिक्षणात शिकलो. दूध नासवायला जुन्या रीतीत वासराच्या पोटातला रस घालतात, ते मला नको होतं. मी त्याऐवजी शाकाहारी औषध घालतो. तुमच्या बहिणीने, आमच्या अक्काने, ते चारदा विचारून खात्री करून घेतली.

हा खटाटोप म्हशींसाठी. तुम्ही गेल्यापासून नुसतं डेअरीत दूध घालून त्यांना पोसणं जमत नाही. म्हशींचा व्यापारी अंगणात येऊन दात बघून गेला होता. जळगावचा एक हॉटेलवाला चव घेऊन बघतो म्हणाला, तेव्हा मी मनाशी ठरवलं, त्याला आवडलं तर म्हशी ठेवायच्या, नाहीतर देऊन टाकायच्या. जळगावला जायच्या आदल्या दिवशी मी चारा आणायला गेलो, तेवढ्यात अक्काने फ्रिज उघडला. जळगावला न्यायच्या चीजच्या गोळ्यावर करडी बुरशी धरली होती, ती धरायलाच हवी असते. पण तिला कोण सांगणार? तिने हळद-मीठ लावून गोळा खसाखसा घासला आणि गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या-पापडांशेजारी जुन्या लुगड्यावर वाळत ठेवला. आपलं वैशाखातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. मी आलो तेव्हा गोळा बसला होता, त्यातून तूप वाहत होतं, मुंग्या लागल्या होत्या. अक्का खुशीत म्हणाली, "बठ्ठी बुरशी धुई टाकी मी. आते उनमा वायी जाई."

मला इतका राग आला की मी गोठ्यात जाऊन बसलो. तिला चूक कळली असावी. मागून येऊन हळूच म्हणाली, "दुसरा नही का?" दुसरा होता, पण लहान आणि कोवळा. तोच नेला. हॉटेलवाल्याने एक काप खाल्ला, मग दुसरा घेतला आणि आचाऱ्याला हाक मारली. "अजून थोडं मुरू द्या," तो म्हणाला, "पण दर महिन्याला आणा." मला एकदम रडू आलं, मी खोकल्याचं निमित्त केलं.

व्यापारी परवा पुन्हा आला होता. मी उठायच्या आतच अक्काने त्याला दारातून सांगितलं, "म्हशी इकान्या नही," आणि चहाही विचारला नाही. आता गोळे कोरड्या फडक्याने पुसायचं काम तिचं आहे, मला ती फ्रिजला हात लावू देत नाही. रोज भाकरीबरोबर एक काप मागून घेते.

हा कागद कुठे पाठवता येणार नाही, म्हणूनच तुम्हाला सांगतो, हॉटेलवाल्याला सांगू नका. मला स्वतःला ते चीज अजून आवडत नाही. रोज सकाळी एक तुकडा खाऊन बघतो. काल तो तोंडातून काढावासा वाटला नाही.