होन्नकेरेची पाण्याची पाळी

८ ऑक्टोबर १९६१, रविवार
प्रोफेसरांनी प्रकरण परत पाठवलं! खाली लाल शाईत एवढंच — "१८७७ चा दुष्काळ दोन्ही गावांवर आला. माळापूर ओस पडलं, शेजारचं होन्नकेरे अजून नांदतंय. का?" तीन वर्षं दप्तरं चाळून मी लिहिलं काय, तर पाऊस पडला नाही. अगं बाई, पाऊस दोन्हीकडे पडला नव्हता!
महिनाअखेर प्रबंध द्यायचाय. नाही जमलं तर बाबा म्हणतात, पुरे झालं शिक्षण, आता स्थळं बघतो.

१० ऑक्टोबर
थोरला भाऊ अण्णा म्हणाला, "सत्या, दप्तरात नाही ते खेड्यात मिळणार?" म्हणाला खरा, पण शनिवारच्या बसचं तोच विचारून आला.

१४ ऑक्टोबर, होन्नकेरे
गंगव्वाकडे उतरलेय. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी, बोलायला खणखणीत. तिच्या आईने तो दुष्काळ सोसलेला. बोलते कन्नड, मी मराठीत उतरवतेय.
"माळापूर का मेलं, अव्वा?"
"त्यांचं तळं आमच्याहून मोठं. पण पाणी सोडायची विद्या एकाच घराकडे. ते घर तापाने गेलं. पुढे पाऊस कोसळला, बांधातली मोरी कुणाला उघडता येईना. तळं फुटलं."
"आणि इथे?"
"इथे मोरीची पाळी. घरटी एक दिवस. विधवा असो, म्हातारी असो. निम्मं गाव गेलं, तरी उरलेल्या निम्म्याला येत होतं."
इतकं साधं! मी तिचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. "स्वल्प हळू!" ओरडली.

१५ ऑक्टोबर
काल संध्याकाळपासून पाऊस. सकाळी बांध पाझरायला लागला. सगळं गाव मातीच्या पाट्या घेऊन धावलं. आणि पाळी नेमकी गंगव्वाची! मला म्हणते, "माझे गुडघे गेले. तू या घरात जेवलीस ना? मग ऊठ."
कमरेइतक्या पाण्यातून मोरीपर्यंत गेले. घाबरले होते — खोटं कशाला लिहू? बांधावरून शेजारची चंद्राबाई ओरडत होती, "आधी हलव! मग ओढ!" मोरीचा लाकडी दट्ट्या तीनदा ओढला. चौथ्यांदा तो सुटला आणि पाणी असं गर्जत निघालं — मीही त्याच्याबरोबर ओरडले! बांध टिकला. तळहात सोललेत. इतकी खूश मी कधी झाले होते?

१६ ऑक्टोबर
अंग ठणकतंय. रागीमुद्दे, म्हणजे नाचणीचा गोळा, दोनदा मागून घेतला.

२१ ऑक्टोबर, बंगळूर
नवं प्रकरण झालं! 'माळापूरचा अंत' — पंधरा पानं, स्वच्छ अक्षरात. अण्णाने उभ्याउभ्याच वाचलं. "सरी, बरोबर. आता पटलं."

२४ ऑक्टोबर
गंगव्वाने गावच्या देवाप्पा मास्तरांकडून पत्र लिहवून घेतलंय. "पोरी, एक राहिलं. दुष्काळात आमची तेरा घरं ओस पडली. तेरा पाळ्यांना माणूस नव्हतं. म्हणून माळापूरची तेरा कुटुंबं बोलावून आणली, घरं दिली, मोरी शिकवली. माझी आई त्यांतलीच. तू विचारलंस गाव का मेलं. माणसं कुठे गेली, ते विचारलंच नाहीस."
म्हणजे माळापूरचा अंत झालाच नव्हता! पंधराही पानं फाडली. हसू आवरत नाहीये!