कारभारणीचा भाऊ

कोल्पापाता,
ता. १२ ऑक्टोबर

चि. तेओदोरो यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. रागात आहे, तरी आशीर्वाद आधी. आईनं घालून दिलेली रीत मी मोडत नाही.

फोन करता आला असता. पण रेंज मिळते फक्त शाळेमागच्या टेकडीवर, आणि तिथं रांगेत उभं असलेलं अर्धं गाव कान टवकारून असतं. घरचं भांडण गावाला फुकट कशाला ऐकवायचं? म्हणून हे पत्र गुमेर्सिंदोच्या बसनं पाठवते. एल आल्तोच्या स्टँडवर तो तुझ्या हातात देईल. वाचल्याशिवाय खिशात कोंबू नकोस.

आपली नेलिदा शाळेत पहिली आली. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, हे तुला ती परकर ओढत फिरायची तेव्हापासून ठाऊक आहे. सरोवराकाठी आपल्या लोकांसाठी काढलेलं विद्यापीठ आहे ना, तिथं ते शिकवतात. राहणं-खाणं तिथंच. पण नुसत्या मार्कांवर घेत नाहीत. गावाच्या सभेनं शिफारस द्यावी लागते, की हे आमचं पोर, शिकून आमच्याकडे परत येईल. आपल्या गावाला यंदा दोन जागा. एक बाल्तासारकाकाच्या नातवाला गेली. कळपातला लामा अंगावर थुंकला तर ते पोरगं दिवसभर अंघोळ करत बसतं. ते आता लामांची डॉक्टरकी शिकणार!

दुसऱ्या जागेला नेलिदाचं नाव निघालं, तेव्हा बाल्तासारकाका उठला. म्हणाला, मुलगी हुशार आहे, पण एउसेबियाच्या घरानं अजून गावाचा कारभार केलेला नाही. ज्या घरानं गावासाठी वर्ष दिलं नाही, त्याला गावानं शिफारस का द्यावी? आणि कारभार म्हणजे जोडीचं काम, कारभारी आणि कारभारीण. एकट्या बाईला कारभाराची काठी मिळत नाही. मग भर सभेत विचारलं की तुझा नवरा कुठाय. जसं काही त्याला ठाऊकच नाही, की फेर्मिन ओरुरोत दुसरीच्या चुलीपाशी बसून गिळतोय.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कालव्यातला गाळ काढायचा असतो तेव्हा माझ्याकडून दोन माणसांचं काम घेतात. घर म्हटलं की दोघं आलीच, असं म्हणतात. तेव्हा कोणाला माझा नवरा आठवत नाही, लाज नाही वाटत मेल्यांना.

शेवटी सभेनं ठरवलं की नवरा नसेल तर भाऊ चालेल. जानेवारीच्या एक तारखेला कारभार बदलतो. तू यायचंस, बाबांचा लोकरी पोंचो अंगावर घालायचास, काठी हातात घ्यायचीस आणि वर्षभर माझ्या शेजारी उभं राहायचंस. तेवढ्यानं पोरीला शिफारस मिळते. मी ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, सरळ मागते. तुझ्याकडे आजवर कधी काही मागितलं असेल तर सांग.

तुझ्या बायकोला, जोव्हानाला, आशीर्वाद. लोभ ठेव असं लिहीत नाही. ये, एवढंच लिहिते.

तुझी ताई,
एउसेबिया


एल आल्तो,
ता. २५ ऑक्टोबर

ती. ताईस,

तेओदोरोचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. पत्र स्टँडवर गाडीतच वाचलं. मागून प्रवासी शिव्या घालत होते, समोरून तू. पोट भरलं.

ताई, माझं येणं व्हायचं नाही. मिनीबसच्या लाइनीत माझी जागा आहे. वर्षभर गाडी उभी राहिली तर संघटना ती जागा दुसऱ्याला देऊन मोकळी होते. मग परत येऊन मी काय करू, प्रवाशांना पाठीवर घेऊन जाऊ?

आणि दुसरं असं, की तू विसरली असशील, मी नाही. बाबा गेले तेव्हा मी सभेत बोलायला उठलो होतो. याच म्हाताऱ्या बाल्तासारनं मला खाली बसवलं. शहरात राहणाऱ्याला इथं आवाज नाही, म्हणाला. माझा आवाज नको होता, आणि आता पोंचो टांगायला माझे खांदे हवेत! त्या दिवशी गावाच्या वेशीवर मी थुंकलो होतो, ते उगीच नाही.

नेलिदाचं म्हणशील, तर एवढी हुशार पोर ढोरांची डॉक्टरीण कशाला करतेस? इकडे पाठव. नर्सिंगला घालू. पांढरे कपडे, डोक्यावर छप्पर, वेळेवर जेवण. तिकडे गारठ्यात लामाच्या शेपटीखाली हात घालत आयुष्य काढण्यापेक्षा बरं. जोव्हानाची बहीण दवाखान्यात आहे, ती चिकटवून देईल.

आणि नवराच हवा असेल तर सांग, फेर्मिनला ओरुरोहून गाडीत घालून आणतो, भाडंही घेणार नाही. चिडू नकोस, गंमत केली. निम्मी तरी गंमतच आहे.

रागावलीस तरी भाऊ तुझाच, हे ध्यानात असू दे.

तुझा,
तेओदोरो


कोल्पापाता,
ता. १६ नोव्हेंबर

ती. तेओदोरोमामांस,

नेलिदाचा सा. नमस्कार. आईला न सांगता लिहिते आहे. तुमची ती निम्मी गंमत तिला फार लागली. मामा, माझ्या बापावरून गंमत करायची असेल तर माझ्याशी करा, तिच्याशी नको.

मी सांगते मला काय शिकायचंय. आपल्या लामांच्या मांसात तांदळासारखे पांढरे दाणे निघतात, ठाऊक आहे ना? शहरातला खाटीक ते बघून मांस परत पाठवतो. गावाला वाटतं थंडीनं होतं. थंडीनं नाही, कुत्र्यांमुळे होतं. आपण कुत्र्यांना कच्चं मांस टाकतो, ती कुरणात हगतात, लामा तेच गवत खातात. लस टोचायला आलेल्या बाईंनी मला हे समजावलं, मी सभेत उठून सांगितलं. त्यावर बाल्तासारआजोबा म्हणाले की पोरींनी कुत्र्यांच्या मागं हगणं बघत फिरू नये. सगळे खो खो हसले. मला लाज नाही वाटली, राग आला. तो अजून आहे, आणि तो घेऊनच मला शिकायचंय.

शहरातलं विद्यापीठही मी आमच्या शाळेच्या बाईंबरोबर बघून आले. तिथं गाय, डुक्कर, कुत्रा. लामा शेवटी उरलासुरला. सरोवराकाठी वर्गाच्या मागंच लामांचा कळप आहे. म्हणून तेच हवं. नर्सिंगमध्ये कमीपणा नाही, पण पेशंट निदान कुठं दुखतंय ते सांगतो तरी. गेल्या पावसाळ्यात आमची पिल्लं हगवणीनं मेली, ती नुसती माझ्याकडे बघत होती.

तुमची लाइनीतली जागा जाईल, हे मला कळतं. माझीही एक जागाच आहे, मामा. तुम्हाला निदान ती एकदा मिळाली.

मामींना नमस्कार. माया करता म्हणता, ती यंदा दाखवा.

तुमची भाची,
नेलिदा


एल आल्तो,
ता. ८ डिसेंबर

ती. ताईस,

शि. सा. नमस्कार. तुझी पोर तुझ्याहून वाईट. तू डोक्यात मारतेस, ती वर्मावर मारते.

येतो. सभेत माझं नाव घाल. गाडी जोव्हानाच्या भावाला चालवायला देतो म्हणजे लाइनीतली जागा टिकेल. गिअर खाईल गाढव, खाऊ दे. बाबांचा पोंचो उन्हात टाक, कसर लागली असेल. एकतीस तारखेला संध्याकाळी पोचतो. चुन्योचे सुके बटाटे भिजत घाल, आणि म्हाताऱ्या बाल्तासारला सांग की आता वर्षभर माझं ऐकायची तयारी ठेव.

नेलिदाला पापा. लोभ होताच, आता येऊन दाखवतो.

तुझा,
तेओदोरो


कोल्पापाता,
ता. ३० जानेवारी

कै. तेओदोरो यास,

आशीर्वाद लिहीत नाही, ते आता तुला लागू पडत नाहीत. तू गेल्या गुरुवारी वारलास. तुला कोणी कळवलं नसेल म्हणून कळवते.

एक तारखेला सगळं गाव पटांगणात जमलं होतं. मी नवी शाल पांघरून उभी, शेजारची जागा रिकामी. जुन्या कारभाऱ्यानं काठी पुढे धरली आणि घ्यायला हात नाही. लोक आधी रस्त्याकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले, मग टोपीआड हसायला लागले. गुमेर्सिंदोनं हळूच सांगितलं की आदल्या संध्याकाळी तू स्टँडवर प्रवाशांना हाका मारत होतास. सणाचं दुप्पट भाडं! बहिणीपेक्षा ते गोड लागलं तुला.

तेव्हा नेलिदानं बाबांचा पोंचो उचलला आणि डोक्यातून घातला. तिच्या घोट्यापर्यंत येतो तो. माझ्या शेजारी पुरुषाच्या जागी उभी राहिली आणि म्हणाली, मामा येईपर्यंत त्याची काठी मी धरते. बाल्तासारकाका तांबडालाल झाला. पण नाव तुझं लागलेलं, काठी जमिनीला टेकवायची नाही आणि परत न्यायची नाही. शेवटी दिली तिच्या हातात.

शिफारसही त्याच दिवशी शिक्का मारून दिली. पण ज्याच्या हाती काठी त्याला वर्षभर गाव सोडून एक रात्रही बाहेर काढता येत नाही. समजलं का तू काय केलंस ते? पोरीला शिफारस मिळाली आणि पाय बांधले गेले. रोज सकाळी तुझा पोंचो घालून ती लोकांच्या कुरणांची भांडणं मिटवायला जायची. तू फोनवर सांगितलंस, या रविवारी येतो. मग पुढच्या रविवारी. टेकडीवरच्या रांगेनं ते सगळं ऐकलं. मग तू फोन उचलायचाच बंद केलास. आणि तिकडे फेब्रुवारीच्या सुरुवातीला, कांदेलारियाच्या सणानंतर, वर्ग सुरू होणार होते.

म्हणून मी सभेत उभी राहून विचारलं की वर्षाच्या मध्येच कारभारी मेला तर काय करायचं. बाल्तासारकाकाला असं काही विचारलेलं फार आवडतं. म्हणाला, मागं राहील त्यानं दोघांचा भार एकट्यानं वर्ष संपेपर्यंत वाहायचा, दुसरं माणूस घ्यायचं नाही, ही वाडवडिलांची रीत. मी विचारलं, नक्की? तो चिडला आणि सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. बरं म्हटलं. म्हणजे तू मेलास की काठी माझ्या एकटीकडे, आणि पोर मोकळी. घरी आले, काळी शाल पांघरली आणि देवळाची घंटा वाजवायला लावली.

तुझे ट्रंकेतले कपडे नदीवर नेले, रीतीप्रमाणे धुतले आणि जाळले. लोक मेणबत्त्या आणि चघळायला कोकाची पानं घेऊन आले. तू जिवंत आहेस हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण या वेळी कोणी हसलं नाही. बाल्तासारकाका आला, बराच वेळ कोका चघळत बसला, मग विचारलं की कशानं गेला. मी सांगितलं, वाटेतच गेला. तो म्हणाला, असं होतं. आणि टोपी काढून प्रार्थना म्हणाला. आयुष्यात त्याचं माझं एका गोष्टीवर एकमत झालं, ते तुझ्या मरणावर.

मेलेल्याला जमीन नसते. तुझी वाटणी सभेनं नेलिदाच्या नावावर केली. आता वरातीमागून घोडं आणू नकोस. मेलेलं माणूस वेशीवर दिसलं तर गावाला सगळं उलटं फिरवावं लागेल, आणि पोर सोमवारी गुमेर्सिंदोच्या बसनं निघते आहे.

एक लिहायचं राहिलं. मी खोटं रडायला बसले होते. नदीवर तुझा शाळेतला स्वेटर पिळताना खरंच रडू फुटलं. त्याच्या कोपराला मी रफू केलेलं होतं. खूप रडले. पण राग तसूभर कमी झाला नाही, तुझी शपथ.

मेलेल्यावर माया करायला त्याची परवानगी लागत नाही, तेव्हा ती माझी मी बघेन.

एउसेबिया,
कारभारीण, एकटी


एल आल्तो,
ता. ८ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. नमस्कार. मेलेल्यानं घातलेला चालत असेल तर घे.

तू कोण मला मारणारी? एकतीसला मी निघणारच होतो. एक फेरी मारून निघू म्हटलं, मग आणखी एक. पहाटे निघालो तर घाटाखाली गिअरबॉक्स गेला. मग जोव्हानाच्या भावानं ऐन वेळी हात वर केले, आणि दर रविवारी वाटायचं की आज लाइन सोडली तर गेलीच. जमिनीचं जाऊ दे, मी तिच्यात कधी बटाटा लावला नाही. पण माझा फुटबॉलचा शर्ट जाळलास! त्यात मी गोल मारलेत, ताई. रात्रभर दात खात पडलो होतो. जोव्हाना म्हणाली, तिनं बरोबर केलं. घरातसुद्धा माझ्या बाजूनं कोणी नाही.

सोमवारी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. नेलिदा गुमेर्सिंदोच्या बसमधून गाठोडं घेऊन उतरली. मी गाठोडं उचलून माझ्या गाडीत ठेवलं. ती पुढं बसली नाही, मागं खिडकीशी बसली. सरोवरापर्यंत मी बोलत होतो, ती बाहेर बघत होती. आरशात बघितलं तर अगदी तुझा जबडा, घट्ट मिटलेला.

दारात नाव नोंदवून घेणाऱ्या बाई होत्या. शिफारस बघितली, शिक्का बघितला, तुमच्याच गावचा एक मुलगा आधीच आलाय म्हणाल्या. मग विचारलं, बरोबर घरचं कोण आलंय? नेलिदानं माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं, ताई. आणि सांगितलं की घरचं कोणी नाही, हे ड्रायव्हर आहेत.

मी हो म्हटलं. गाठोडं आतपर्यंत नेऊन दिलं. मागं कुंपणात लामा होते. ती तिकडे निघून गेली, वळली नाही. तिला घेतलंय. ते कळवायला हे पत्र.

खाली नाव घालत नाही. मी जिवंत आहे हे गावाला ठाऊक असणं वेगळं आणि माझ्या सहीचं पत्र कोणाच्या हाती पडणं वेगळं. तुझी काठी जायची आणि तिची जागाही. गुमेर्सिंदोला बजावलंय, कोणी विचारलंच तर सांग, स्टँडवरच्या एका ड्रायव्हरनं दिलं.