तान्ह्या बाळांचा गट

४ फेब्रुवारी २००८
आज बाळासो सरांना गप्प केलं! त्यांचं रोजचं रडगाणं — आमच्या बायकांच्या वेबसाइटवर नऊ हजार जणी, आणि सर्व्हेचं आमंत्रण पाठवलं की उत्तरं मोजकी. मी म्हटलं, सगळ्यांना सगळं पाठवायचंच कशाला? गट पाडा. बाळाच्या साबणाचा सर्व्हे ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांनाच. "कुणाकडं हाय ते आपल्याला काय स्वप्न पडणार व्हय?" — सर. स्वप्न कशाला? बायका डोहाळजेवणाचे फोटो आपणहून टाकतात — हिरवी साडी, फुलांचे दागिने. डोहाळजेवण सातव्या महिन्यात. फोटोच्या तारखेपुढे तीन महिने धरायचे आणि नाव 'तान्हं बाळ' गटात. विचारायलाही नको. स्वारी खूश, चहा मागवला.

१२ मे
आमंत्रणं गेली, भराभर उत्तरं आली. सगळ्यात मन लावून लिहिलंय ते आजऱ्याच्या दानेश्वरीनं. नवऱ्याचा काजूचा कारखाना आहे, तिथल्या कॉम्प्युटरवरून लिहिते. बाळाचं नाव शिवांश.

७ जुलै
आमंत्रणावर आता 'शिवांशची आई' असंच येतं. माझीच युक्ती.
दानेश्वरी दर महिन्याला पहिली. 'बाळ रात्री किती वेळा उठतं?' — 'एकदाही नाही. मीच उठून बघते.' 'रडल्यावर काय करता?' — 'रडत नाही.' गुणी पोर म्हणायचं. पण फोटो एकही नाही. बाकीच्या बायका बाळ शिंकलं तरी फोटो टाकतात. ते 'रडत नाही' दिवसभर डोक्यातून जाईना.

११ ऑगस्ट
साबणवाल्यांना काहींच्या घरी जाऊन बाळाची आंघोळ बघायची आहे. पहिलं नाव दानेश्वरीचं. उद्या फोन करायचा.

१२ ऑगस्ट
कारखान्यातला फोन नवऱ्यानं उचलला, शशिधर. मी शिवांशच्या आंघोळीचं सांगितलं. त्यांनी नाव पुन्हा एकदा विचारलं. मग — "ताई, बाळ कुठलं? डोहाळजेवण झालं आन् आठ दिसांत समदं संपलं की. नाव तेवढं ठरवलं हुतं."
सर्व्हेचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. "दर महिन्याला हितं येऊन टाइप करत बसती. मला वाटलं, मन रमतंय. बंद करा ते. आन् कुणी पावणं पाठवू नका."
एका फोटोवरून मी तिला आई करून टाकलं. आणि दर महिन्याला त्या नावानं हाक मारत राहिले.

१३ ऑगस्ट
सर म्हणाले, "काढ की तिला त्यातनं. एवढं काय त्यात?" काढून घालू कुठं? गट तीनच — गरोदर, तान्हं बाळ, मूल नाही. तिसऱ्यावर बोट टेकेना. डबा तसाच परत आणला.
शेवटी टाकलं. खरं तेच आहे, असं स्वतःला बजावलं. शिवांशची उत्तरं पुसताना मात्र कुणीतरी मागे उभं आहे असं वाटत राहिलं. दोनदा वळून पाहिलं. भीती वाटली, खोटं कशाला लिहू.

८ सप्टेंबर
'मूल नाही' गटाला केसांच्या तेलाचा सर्व्हे गेला. वर नुसतं 'दानेश्वरी'. तिनं एकही प्रश्न भरला नाही. मेल आली, एका ओळीची —
'शिवांश तुमच्याकडनंही गेला का?'